माझ्याकडे नीट दिसतंय

परवा रात्री पावणेदहाला आप्पांचा फोन आला. आप्पांचं मंगल कार्यालय आहे आणि त्या कार्यालयाची वेबसाइट मी केली आहे. कार्यालयाला चाळीस वर्षं झाली, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. वेबसाइटला चार महिने झाले.

"अरे, ते 'तारीख बुक करा' बटण आमच्या हिच्या फोनवर दिसतच नाही."

"माझ्याकडे नीट दिसतंय," मी म्हणालो.

हे वाक्य आमच्या धंद्यात रामराम म्हणावं तसं म्हणतात. त्यात माहिती नसते, निव्वळ शिष्टाचार असतो. पाच मिनिटांत आप्पांनी पुरावा पाठवला: काकूंच्या फोनचा आप्पांच्या फोनने काढलेला फोटो. त्यात काकूंचा अंगठा दिसत होता, काचेत ट्यूबलाइट दिसत होती, मागे गॅसवरचं पातेलं दिसत होतं. बटण नव्हतं. काकूंची बाजू खरी होती.

"कुठला ब्राउझर आहे, आप्पा?"

"गूगल."

"ते नाही, ज्यातून साइट उघडली तो. त्याचं चिन्ह कसं आहे?"

"गोल आहे बघ."

आजमितीला क्रोम गोल आहे, फायरफॉक्स गोल आहे, सफारी गोल आहे, एज गोल आहे, ऑपेरा तर नुसताच गोल आहे. चिन्हाच्या बाबतीत कुठलीही समिती न बसता एकमत झालं. बाकी सगळ्या बाबतीत समित्या बसल्या.

शेवटी तो गोल कुठला ते कळलं, पण त्याचं नाव मी इथे घेणार नाही. आप्पा काकूंचं नाव घेत नाहीत, मी ब्राउझरचं घेत नाही. आम्हा दोघांनाही पुढे त्याच घरात राहायचं आहे.

बटण गेलं होतं खाली, पडद्याच्या बाहेर. मी लिहिलं होतं, पान पडद्याइतकं उंच ठेव आणि बटण तळाशी ठेव. आता पडदा म्हणजे किती, हा प्रश्न मला तरी बाळबोध वाटला होता. फोनच्या ब्राउझरला पत्त्याची पट्टी असते. पान वर सरकवलं की ती आक्रसते, खाली ओढलं की परत येते. पडद्याची उंची मोजायची तर पट्टी धरून की सोडून? एका ब्राउझरने ठरवलं, सोडून. म्हणजे पट्टी नसताना जेवढी जागा असेल तेवढी. मग पट्टी असते तेव्हा, म्हणजे पान उघडल्या उघडल्या, माणूस बटण शोधत असतो नेमका तेव्हा, तळाची तेवढी जागा पडद्याबाहेर जाते. याला चूक म्हणून लोकांनी कळवलं. उत्तर आलं की हे जाणूनबुजून केलं आहे. मग दुसऱ्यांनीही जाणूनबुजून केलं. आणि 2022 च्या सुमारास यावर तोडगा म्हणून उंचीची तीन नवी एककं ब्राउझरांत आली: छोटी उंची, मोठी उंची, आणि बदलती उंची. जुनंही ठेवलं. आता पडद्याची उंची चार प्रकारे सांगता येते. मी जुनी पद्धत वापरली होती, कारण मी एकवीस वर्षं या धंद्यात आहे.

कुणी म्हणेल, ब्राउझर कुठला हे काकूंना कशाला विचारायचं, त्यालाच विचारावं. तशी सोय आहे. प्रत्येक ब्राउझर साइटच्या दारात आला की आपली ओळख सांगतो. आजच्या एजची ओळख अशी असते: मोझिला 5.0, ॲपलवेबकिट 537.36, केएचटीएमएल, गेकोसारखा, क्रोम, सफारी 537.36, आणि अगदी शेवटी, दारात चपला घालता घालता आठवावं तसं, एज. तेही स्पेलिंगमधलं शेवटचं अक्षर गाळून.

लग्नाच्या बायोडाटात मुलाने आधी आजोबांचं नाव सांगावं, मग शेजाऱ्यांचं, मग ज्यांच्याकडे नुसतं जाणं-येणं आहे त्यांचं, आणि स्वतःचं राहिलंच म्हणून तळाशी पेनने लिहावं, असा हा प्रकार. यातलं एकही नाव निष्कारण आलेलं नाही. 1994 साली नेटस्केप आला. त्याचं घरातलं नाव मोझिला. त्याला पानाचे चौकटीत तुकडे पाडता यायला लागले, म्हणून साइटवाल्यांनी नियम केला की मोझिला म्हणेल त्यालाच चांगलं पान वाढायचं, बाकीच्यांना साधं. इंटरनेट एक्सप्लोररला चौकटी यायला लागल्या तरी ताट साधंच मिळायचं, म्हणून तो म्हणाला, मीही मोझिला, म्हणजे मोझिलाशी जुळणारा. पुढे मोझिलाचं नवं इंजिन आलं, गेको. मग गेकोला चांगलं ताट. लिनक्सवरच्या कॉन्करर ब्राउझरचं इंजिन केएचटीएमएल. ते म्हणालं, मी गेकोसारखा. ते इंजिन घेऊन ॲपलने 2003 मध्ये सफारी काढला, त्याने ओळख तशीच ठेवली. 2008 मध्ये क्रोम सफारीचं इंजिन घेऊन आला. तो म्हणाला, मी सफारीही आहे. 2013 मध्ये एक्सप्लोररच्या अकराव्या आवृत्तीने आपलं खरं नावच टाकलं आणि तीही गेकोसारखी झाली. खोटं एकानेही सांगितलेलं नाही. सगळ्यांनी नातं सांगितलं.

ऑपेराची गोष्ट सांगताना मला अजून वाईट वाटतं. 2009 मध्ये त्याची दहावी आवृत्ती आली. पण अनेक साइट आवृत्तीचा फक्त पहिला आकडा वाचायच्या. दहामधला पहिला आकडा एक. पहिल्या आवृत्तीचा ब्राउझर फार जुना, चला बाहेर. म्हणून ऑपेराने स्वतःला 9.80 म्हणवून घ्यायला सुरुवात केली. दहावी सुटलेलं पोर आयुष्यभर नववीत आहे म्हणून सांगत राहिलं, कारण दारावरच्या माणसाला दोन आकडी संख्या वाचता येत नव्हती. 2022 मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स शंभराव्या आवृत्तीला पोचले, तेव्हा त्यांनी आधी महिनोन्‌महिने चाचण्या घेतल्या, की दारावरच्या माणसाला आता तीन आकडी येते का.

आता मापाबद्दल. चौकोनाची रुंदी 300 ठेव असं सांगितलं तर ती 300 असावी, एवढी माझी अपेक्षा होती. 1996 च्या डिसेंबरात वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू थ्री सीने सीएसएसचा, म्हणजे पानाच्या मांडणीचा, पहिला नियम काढला, त्यात रुंदी म्हणजे फक्त आतल्या मजकुराची. कडेची रिकामी जागा आणि चौकटीची रेघ वेगळी धरायची. पुण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाला हे लगेच कळतं: कार्पेट एरिया. एक्सप्लोररने मात्र भिंती धरून मोजलं, म्हणजे बिल्ट-अप. एकच घर, एका ब्राउझरमध्ये 300 चं, दुसऱ्यात 340 चं. दहा वर्षं आम्ही बिल्ट-अपवाल्याला शिव्या घातल्या. नियम पाळत नाही, मनाला येईल तसं मोजतो, यांना कुणी विचारणारं नाही. मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की भिंती धरून मोजलेलंच सोयीचं पडतं. आता बहुतेक साइटींच्या सीएसएसमध्ये अगदी वरच्या ओळीत लिहिलेलं असतं की या पानावर सगळ्यांनी बिल्ट-अप मोजावं. रेरा आल्यावर घरांच्या व्यवहारात कार्पेट जिंकलं आणि वेबवर बिल्ट-अप जिंकलं. घातलेल्या शिव्या मात्र कुणी परत घेतल्या नाहीत. मीही नाही.

त्याच एक्सप्लोररची सहावी आवृत्ती ऑगस्ट 2001 मध्ये आली आणि सातवी ऑक्टोबर 2006 मध्ये. मधल्या पाच वर्षांत तो बाजारात जवळजवळ एकटाच होता, आणि एकट्याला कशाची घाई? सहाव्या आवृत्तीत एक खोड होती. एखादा चौकोन डावीकडे तरंगता ठेवला आणि त्याला डावीकडून दहाचा समास दिला, तर तो वीसचा व्हायचा. उपाय असा होता की त्या चौकोनाला 'ओळीत राहा' असं सांगायचं. नियमाप्रमाणे तरंगत्या चौकोनाला हे सांगून काहीही फरक पडत नाही. पडायचा. असं का, हे विचारायचं नाही, असं मला माझ्या सीनियरने सांगितलं, आणि मी माझ्या ज्युनियरला सांगितलं. विहिणीला का हसू आलं ते विचारू नये, तसं. जून 2022 मध्ये एक्सप्लोररचा आधार काढून घेतला, तेव्हा दक्षिण कोरियातल्या एका इंजिनिअरने ग्योंगजू शहरात त्याचं दगडी थडगं उभारलं. वर लिहिलं, दुसरे ब्राउझर उतरवून घ्यायला हे चांगलं साधन होतं. तिकडे बँकेचे व्यवहार कैक वर्षं त्याच्याशिवाय होत नसत, म्हणजे थडग्याचा खर्च भावनेतूनच झाला असणार. आपल्याकडे तो पूर्ण गेलेला नाही. एजच्या आत एक एक्सप्लोररची खोली ठेवलेली आहे आणि ती निदान 2029 पर्यंत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. ज्या कार्यालयांना ती खोली लागते त्यांची नावं घेऊन मला माझे कागद अडकवून घ्यायचे नाहीत.

स्पर्धा नसली की असं होतं, म्हणून स्पर्धा हवी, असं आम्ही तेव्हा तावातावाने म्हणायचो. आता स्पर्धा आहे. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी. फोनवर आणखी चार. पाट्या वेगळ्या, मुदपाकखाना एक. ऑपेराने 2013 मध्ये स्वतःचं इंजिन सोडलं, मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये तसं जाहीर केलं आणि जानेवारी 2020 मध्ये नवा एज आणला; दोघंही क्रोमच्या चुलीवर. आयफोनवर त्याच्या उलट: तिथे क्रोम घ्या नाहीतर फायरफॉक्स, आत ॲपलचंच वेबकिट. युरोपीय संघाने कायदा केल्यावर 2024 पासून त्यांच्यापुरती त्यात सूट मिळाली. राहता राहिला गेको, फायरफॉक्सचा, जो सगळ्यांना आवडतो आणि थोडेच लोक वापरतात. मराठी नाटकाचं जे तेच. मीही नियम म्हणून त्यात साइट तपासतो. महिन्यातून एकदा.

आप्पांचं बटण मी वर आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन.

"अरे, मुहूर्त गेला."

आप्पांच्या तोंडून हे वाक्य ऐकायला माणसाचं काळीज घट्ट लागतं. झालं होतं असं, की साइटवर ज्याचं लग्न त्याला एक निमंत्रणाचं पान मिळतं. त्यावर काकूंच्या फोनमध्ये, गणपतीच्या खाली, सोनेरी अक्षरांत दिसत होतं, 'शुभमुहूर्त : इनव्हॅलिड डेट'. माझ्या यंत्रावर बारा वाजून सदतीस मिनिटं. मी तारीख लिहिली, पुढे एक मोकळी जागा सोडली आणि वेळ लिहिली, जशी जगातली सगळी माणसं लिहितात. नियम असा आहे की तारीख आणि वेळ यांच्यामध्ये टी हे रोमन अक्षर असेल तर सगळ्या ब्राउझरांनी ते ओळखलंच पाहिजे. टी नसेल तर ज्याने त्याने आपापल्या बुद्धीने ठरवावं. एकाने बुद्धी वापरली, दुसऱ्याने म्हटलं, ही तारीखच नव्हे. दोघंही नियमाप्रमाणे बरोबर. चुकलेला मी एकटा. मी टी घातला.

मग न्यू जर्सीहून नवऱ्यामुलाचा मेसेज आला, की लग्न 10 मेला ठरलंय ना, मग साइटवर 9 मे का दाखवतंय? इथे मी बुकिंगची तारीख वेळेशिवाय लिहिली होती. नुसती तारीख लिहिली तर ती ग्रिनिचच्या मध्यरात्रीची धरायची. तीच तारीख वेळेसकट लिहिली, तर तुम्ही जिथे असाल तिथली. ग्रिनिचला 10 तारखेची मध्यरात्र होते तेव्हा पुण्यात 10 तारखेची पहाट साडेपाचची असते, म्हणून मला बरोबर दिसत होतं. न्यू जर्सीत तेव्हा 9 तारखेचे रात्रीचे आठ वाजलेले असतात. मुलगा एक दिवस आधी बोहल्यावर उभा राहिला असता. हे मी सगळ्या ब्राउझरांत तपासलं. सगळ्यांनी एकमुखाने 9 मे सांगितलं. इतकी एकी मी या धंद्यात क्वचितच पाहिली आहे.

आणि महिना मोजताना जानेवारी शून्य. त्यामुळे माझ्या कोडमध्ये मे महिना चौथा असतो, तारीख मात्र एकपासून. 1995 च्या मे महिन्यात नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा केला. वरून हुकूम होता, जावासारखी दिसली पाहिजे. म्हणून तारखेचं खातं जावातून जसंच्या तसं उचललं, शून्य जानेवारीसकट. जावावाल्यांनी 1997 मध्येच त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी 'आता वापरू नका' म्हणून जाहीर केल्या. आमच्याकडे त्या अजून पाटावर बसलेल्या आहेत. मला तो माणूस वाईट वाटत नाही. दहा दिवसांत तर आमच्या सोसायटीच्या टाकीचं कोटेशनसुद्धा येत नाही.

मग हे दुरुस्त का करत नाहीत, असं आप्पांनी विचारलं. त्यांना वेबचं काही सांगायचं तर वाड्याच्या भाषेत सांगावं लागतं, म्हणून मी विचारलं, "तुमच्या शनिवारातल्या वाड्यात जिन्याखाली ते भाडेकरू होते, ते काढता आले का?"

"छे. कोर्टात सत्तावीस वर्षं."

"तसंच."

ब्राउझर आधीच्या पानावरून पुढच्या पानावर जाताना आपण कुठून आलो ते सांगतो. त्या खात्याच्या इंग्रजी नावात नव्वदच्या दशकात एक आर कमी पडला. चूक लक्षात येईतो जगभर लागू झाली होती, म्हणून तीच नियमात घातली. नंतर त्या खात्याचं धोरण ठरवणारं दुसरं खातं आलं, त्याचं स्पेलिंग बरोबर ठेवलं. आता एकाच पानासाठी एक नाव चुकीचं लिहावं लागतं आणि दुसरं बरोबर, आणि उलटं केलं तर दोन्ही चालत नाहीत. 'डॉक्युमेंट डॉट ऑल' नावाची जुनी एक्सप्लोररची सोय आहे. ती असते, पण तिला 'तू आहेस का' असं विचारलं तर नाही म्हणून सांगते, आणि हे खोटं कसं बोलावं ते मानकात लिहून ठेवलेलं आहे. 2018 मध्ये जावास्क्रिप्टमध्ये यादीतल्या याद्या सपाट करायची नवी सोय यायची होती. नाव ठरलं होतं 'फ्लॅटन'. पण मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने तेच नाव आधी घेऊन ठेवलं होतं, आणि ती लायब्ररी वापरणारी कुठलीतरी साइट मोडली. मूटूल्सची चलती संपून तोवर जमाना झाला होता. तरी जिन्याखालचा भाडेकरू राहिला आणि नव्या सुनेचं नाव बदललं: 'फ्लॅट'. चर्चेत एकाने थट्टेने 'स्मूश' सुचवलं होतं. ते झालं असतं तर मी आज आनंदाने वापरत असतो.

वेब कुणाचं मोडू नये, हा त्यामागचा विचार आहे, आणि तो मला मनापासून पटतो. 1998 मध्ये कुणी बनवलेलं पान आजही उघडावं. माझी चार महिन्यांपूर्वीची साइट उघडली नाही तरी चालेल.

तिसरा फोन दुपारी आला. यावेळी काकू स्वतः होत्या. बटण दिसत होतं, मुहूर्त आला होता. "पण तो ल आपला नाही रे," त्या म्हणाल्या. काकू तीस वर्षं शाळेत शिकवत होत्या. मी पाहिलं. 'शुभ' मधला श शेंडीफोड्या होता आणि 'लग्न' मधला ल दंडाचा. शासनाच्या वर्णमालेत देठाचा श आणि पाकळीचा ल आहे, आणि काकूंच्या फळ्यावरही तोच होता. युनिकोडमध्ये मराठी ल आणि हिंदी ल यांना एकच क्रमांक आहे. आकार कुठला द्यायचा ते पानाची भाषा काय लिहिली आहे यावर ठरतं, आणि फॉन्टमध्ये दोन्ही आकार ठेवलेले असतील तरच. मी पानाची भाषा इंग्रजी लिहिली होती. म्हणजे मी लिहिली नव्हती. साच्यात ती आधीच होती, मी काढली नव्हती. मजकूर नखशिखांत मराठी आणि वर पाटी इंग्रजीची. मी 'एमआर' अशी दोन अक्षरं घातली. श ला देठ आला, ल ला पाकळ्या आल्या. या धंद्यात नियमाप्रमाणे वागून लगेच फळ मिळाल्याची ही माझी दुसरी वेळ. पहिली मला आठवत नाही.

तक्रार करावी तर आमची आधीची पिढीच दारात उभी राहते. तेव्हा मराठी साइट वाचायची तर आधी तिचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, नाहीतर अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांचा उकिरडा दिसे. आपोआप उतरणारे फॉन्ट निघाले तेव्हा नेटस्केपचा प्रकार वेगळा, एक्सप्लोररचा वेगळा. साइटवाले दोन्ही बाळगून असत.

संध्याकाळी आप्पा प्रत्यक्ष आले. साइट त्यांनी माझ्याकडच्या दोन फोनवर, लॅपटॉपवर, येता येता रिक्षावाल्याच्या फोनवर पाहिली होती. सगळं ठीक होतं, पण तोंड पडलेलं होतं.

"जरा हालचाल नाही रे तिच्यात," ते म्हणाले. "ते 'आपले सहर्ष स्वागत आहे' असं सरकत जातं ना, तसं टाक की. शेजारच्या कार्यालयाने टाकलंय."

सरकत्या पट्टीचं नाव मार्की. ती एक्सप्लोररने नव्वदच्या दशकात काढली. नेटस्केपकडे तेव्हा उघडमीट करणारा मजकूर होता, त्याच्यावर ही तोड. उघडमीट 2013 मध्ये फायरफॉक्सने काढून टाकली. त्याच वर्षी क्रोमने आपल्या नव्या इंजिनाला नाव दिलं ब्लिंक, ज्याला उघडमीट कधीच येत नव्हती. मार्की राहिली. आजच्या मानकात ती बाद आहे, लिहिणाऱ्याने वापरू नये असं स्वच्छ शब्दांत म्हटलं आहे, आणि त्याच मानकात ब्राउझरांनी ती कशी सरकवावी हेही तपशीलवार लिहिलं आहे. मी आप्पांना ते वाचून दाखवलं. त्यांनी पहिला अर्धा भाग सोडून दिला.

मी एक ओळ टाकली. नवी एककं नाहीत, भाषेची पाटी नाही, टी नाही. लॅपटॉपवर सरकली. दोन्ही फोनवर सरकली. महिना संपला नव्हता तरी मी फायरफॉक्स उघडला, तिथेही सरकली. आप्पांनी घरी फोन लावला.

"दिसतंय का गं?"

पलीकडून काकू म्हणाल्या, "हो, नीट दिसतंय."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "बघ," ते म्हणाले, "हे आधीच टाकलं असतंस तर?"